गच्चीच्या दारातली खाट

काल सकाळी आई कुरडयांच्या गरम चिकाचं पातेलं घेऊन गच्चीच्या दारातच अडकली. शेजारच्या सुमनकाकूंनी दारासमोर पापडांची खाट आडवी टाकली होती. चीक गार झाला की कुरडई नीट पडत नाही.

“सुमनताई, आमचा कोपरा पलीकडे आहे हो,” आई म्हणाली.

“मग जा की! तुमच्या कोपऱ्याला मी बोट तरी लावलंय का?”

मी आईच्या मागेच उभी होते. आठवडाभर मी कायद्याच्या परीक्षेसाठी हेच तर वाचत होते! आक्रमण कशाला म्हणायचं, यावर देशोदेशीची माणसं वर्षानुवर्षं वाद घालत बसली. शेवटी त्यांनी लिहून ठेवलं, की शेजाऱ्याच्या जमिनीवर पाऊल न टाकता सैन्याने नुसती त्याची बंदरं अडवली, तरी ते आक्रमणच. पुस्तकात ते वाक्य किती कोरडं वाटलं होतं. इथे ते समोर खाट होऊन पडलं होतं.

काकूंपुढे मी कधी तोंड उघडत नाही. काल उघडलं.

“काकू, वाटच अडवली, तर कोपरा असून काय उपयोग?”

“अगं बाई, ही बोलते!” काकू हसल्या. त्यांनी खाटेचं एक टोक उचललं. “आता नुसती बोलू नकोस, दुसरं टोक धर.”

व्याख्या करणारे खुर्च्यांवर बसलेले असतात. त्या व्याख्येची वाट पाहणारं कोणीतरी मात्र गरम पातेलं हातात घेऊन उभं असतं. पहिली कुरडई पडली, तेव्हा चिकाला अजून वाफ होती.