धवलारणीचं दूध

सगुणाची जीभ तिखट, हे अख्ख्या नागावला माहीत. तरी तिच्याशिवाय आळीत लग्न लागायचं नाही. ती धवलारीण, धवले म्हणजे लग्नाची गाणी गाऊन आगरी लग्नाचे विधी तीच पार पाडायची. नवरा गेला आणि गाणं आटलं. विहिरीच्या काठावरून तिला थोरल्या जावेनं, केसरनं, ओढून घरी आणलं. मग दवाखान्यातून उदासीवरच्या गोळ्या सुरू झाल्या, झोप लागू लागली, आवाज परत आला.

आणि आता केसरच्या मुलीचं, अमिषाचं, लग्न तोंडावर आलं असताना सगुणाचं पोलकं भिजू लागलं. दूध! पन्नाशीला टेकलेल्या विधवेला! केसरनं पोलकं धुवायला घेताना डाग पाहिला आणि सरळ विचारलं, "कुनाचं गं?"

सगुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती माकडांच्या निवाऱ्यात झाडलोट करायची. तिथली एक माकडीण स्वतःचाच हात चावून रक्तबंबाळ करायची. तिला केळ्यातून हीच गोळी देत. ती शांत झाली, हात भरून आला, पण पिल्लू नसताना तिलाही दूध आलं. तिथली डॉक्टर तेजस्वी म्हणाली होती, या गोळीनं मेंदूतल्या सेरोटोनिनचा जोर वाढतो, आणि कधीकधी त्यापाठोपाठ दूध आणणारं संप्रेरकही. माकडीण काय नि बाई काय, सारखंच. दवाखान्यात सांग, गोळी बदलतील, पण एकदम सोडू नकोस.

सगुणानं जावेला मनगटाला धरून त्या माकडिणीच्या पिंजऱ्यापाशी नेलं. "बघ. एकटी हाय. नर न्हाय, पिल्लू न्हाय."

केसरला पटलं. पटूनही तिचं तोंड कडूच राहिलं. "व्याह्यांना काय माकडीन दाखवू? लगीन होईस्तवर गोल्या बंद ठेव."

"वयनी, गोल्या नव्हत्या तवा मी कुठं उभी व्हते, तुला ठावं हाय."

"हाय. पन तेवढेच दिस."

ज्या हातांनी वाचवलं, तेच हात पुन्हा विहिरीकडे ढकलत होते. सगुणानं कमरेची पिशवी सोडली, गोळी काढली आणि जावेच्या डोळ्यांदेखत पाण्याशिवाय गिळली. "पोरीला दुसरी धवलारीन बघ."

दुसरी मिळाली नाही. हळदीच्या दिवशी केसरनं मोबाईलवर धवले लावले, कुठल्याशा जुन्या लग्नातले, सगुणाच्याच आवाजातले. मांडवातल्या बायका डोळे पुसत म्हणाल्या, काय गळा आहे. मागच्या पडवीत बसलेल्या सगुणाला जावेचा इतका राग कधीच आला नव्हता. तिला आत कुणी बोलावलं नाही.