मोठ्या बाबांच्या पायांवर

मोठे बाबा सकाळी भाजी घेऊन सेलूच्या बाजारात पोहोचायचे, तेव्हा त्यांचा पायजमा गुडघ्यापासून खाली ओला असायचा. बाजारात सगळ्यांना कारण ठाऊक होतं. घरी मात्र तो विषय पाहुण्यांपुढे काढायचा नाही, असं ठरलेलं होतं.

इरा, तुला शाळेसाठी अशा पुरुषाचं चरित्र लिहायचं आहे, ज्यानं 'मुलगे असं करत नाहीत' हे ऐकूनही तेच केलं. तुझ्या पुस्तकांत नाचणारे, विणकाम करणारे मुलगे आहेत. 'आपल्या घरात कोणी होतं का?' असं तू फोनवर विचारलंस. तुझे बाबा म्हणाले, 'आपल्याकडे सगळे साधे शेतकरी.' मी तुझी आजी असूनही ते खोडून काढलं नाही. म्हणून आता क्रमानं सांगते.

मोठे बाबा म्हणजे तुझ्या आजोबांचे थोरले भाऊ. त्यांनी लग्न केलं नाही. वांगी, मेथी पिकवली. तुझे बाबा जन्मले, तेव्हा माझ्या सासूबाईंचे हात संधिवातानं आखडले होते. मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, पण तेल लावलेलं बाळ धरायला घाबरायचे. मोठे बाबा न्हाणीत पाटावर बसले, पाय लांब केले आणि म्हणाले, "आणा."

तेव्हा आमच्यात भासऱ्यांशी थेट बोलायची रीत नव्हती. मी पदर घेऊन दाराआड उभी राहायचे. ते बाळाकरवी बोलायचे. "सांग तुह्या मायले, पोरगं पाण्याले नाई भेत, आपल्या घाईले भेते." ते पाणी ओतत असतानाच तुझे बाबा त्यांच्या पायांवर झोपून जायचे.

बाजारात चिडवणारे होतेच. "काऊन गा, आता दूधही पाजून राह्यला का?"

"पाजलं असतं गा, देवानं सोय नाई केली. तू वांगे घे."

बाजारातले टोमणे ते हसून परतवायचे. आमची लाज त्यांना परतवता आली नाही. माहेरची माणसं आली की मी सांगायचे, 'न्हाऊ घालायला बाई येते.' एकदा त्यांनी ते ऐकलं. पुढच्या खेपेला पाहुण्यांची चाहूल लागताच त्यांनी बाळ सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं, बाह्या खाली केल्या आणि स्वतःच म्हणाले, "बाई आत्ताच गेली." मी चहा ठेवायला आत निघून गेले.

पुढे आजोबांच्या नोकरीमुळे आम्ही वर्ध्याला आलो. तुझे बाबा तिथेच वाढले. शाळेत कोणी हसू नये म्हणून त्यांनाही आम्ही त्या बाईचीच गोष्ट सांगितली.

मग तू झालीस. दीड महिन्याच्या तुला घेऊन तुझी आई आणि आम्ही सेलूच्या घरी आलो, सोबत तिचे पुण्याचे आईवडील. सत्तरी ओलांडलेल्या मोठ्या बाबांनी सकाळी पाणी तापवलं, नखं कापली, पाट घासून मांडला आणि पाय लांब करून बसले. पुण्याची माणसं काय म्हणतील, या भीतीनं मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभी राहून बोलले. "नको. बाई सांगितली आहे."

ते सावकाश उठले. तुझ्याकडे पाहून म्हणाले, "सांग आजीले, पाणी कोपरानं पाहा म्हणा. हाताले गरम समजत नाई." अंगणात जाऊन मेथीच्या जुड्या बांधू लागले. आत तू किंचाळत होतीस. त्यांनी मान वर केली, पण उठले नाहीत.

त्याच हिवाळ्यात ते गेले. तुझ्या बाबांना मी फोन केला. ते म्हणाले, "आई, काकांसाठी इथे सुट्टी देत नाहीत गं. यायलाच हवं का?"

मी म्हटलं, "राहू दे."

चरित्र मोठ्या बाबांचं लिही, इरा. पण त्याआधी हे सगळं तुझ्या बाबांना वाचून दाखव.