करपलेली मान

मायच्या जिभेचा कॅन्सर मानेतल्या गाठींत उतरला. वऱ्हाडात तेव्हा रेडियम कुठलं! अमरावतीच्या डॉक्टरांनी तिला मुंबईला धाडलं. तिथल्या सर्जननी सगळी मान चिरली नाही. हाताला लागत होत्या तेवढ्याच गाठी काढल्या आणि उरलेलं काम रेडियमच्या किरणांवर सोडलं. रेडियमच्या सुया खोचलेली मेणाची जाड पट्टी रोज काही तास तिच्या मानेवर बसायची. तेवढ्यासाठी गरसोळी, म्हणजे आमच्याकडचं मंगळसूत्र, उतरवायची होती. माय हटून बसली, तेव्हा बाबांनी ती तिच्या मनगटाला बांधली.

"भाजते का वं माय?" मी विचारलं.

"काईच नाई. ना आग, ना धूर."

तरी काही दिवसांनी मान करपून काळी पडली. गाठी मात्र परत आल्या नाहीत.

अचलपूरला घरी परतल्यावर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारणीचं बोट मायच्या कपाळापाशी थबकलं. गळा मोकळा दिसत होता. बाबा गेले की काय, असंच तिला वाटलं.

मायनं गळ्यात परत घातलेली गरसोळी बोटानं उचलली. "आंधळी हायेस का? हे पाय!"

काळ्या कातडीवर काळे मणी दिसतच नव्हते.

शेजारणीनं कुंकू लावलं आणि मग, न विचारता, तेच बोट त्या करपलेल्या मानेलाही टेकवलं.