तळघराचं दार

“ताई, हे गेले... खालीच होते,” वहिनी फोनवर एवढंच बोलली. खाली म्हणजे तळघरात, हे वेगळं सांगायची गरज नव्हती. बोरगाव मेघेहून रोहण्याला पोचेपर्यंत मी भाऊवर मनातल्या मनात चिडतच होते. रडू नंतर आलं.

आजोबा ज्वारी साठवायचे त्या तळघराला भाऊनं चुना मारला, कुलर बसवला, कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ओल्या पिशव्या दोरीला टांगल्या आणि आळंबी लावली. “ऊन नाई, गारपीट नाई, रानडुक्कर नाई,” तो खुशीत सांगायचा. जन्मभर आभाळाकडे पाहून पाहून थकलेला माणूस. त्याला डोक्यावर छत असलेलं पीक हवं होतं. आणि पुण्याला नोकरीला गेलेला पोरगा परत हवा होता. “एक बार जमू दे, मंग बलावतो त्याले.”

पहिला बहर आला आणि गाव लोटलं. आमच्याकडे बांधावर आलेल्याला पीक दाखवायचं नाही, अशी रीतच नाही. पण हे पीक बंद दाराचं. बाहेरची माती आत नेऊ नका, असं त्याला आळंबीच्या प्रशिक्षणात बजावलं होतं. लोक शेतातल्या पायांनी तसेच उतरले, पिशव्या दाबून पाहिल्या, वर येऊन चहा प्यायले. थोड्याच दिवसांत पिशव्यांवर हिरवी बुरशी चढली आणि पीक गेलं.

“कुलूप लाव ना,” मी म्हटलं.

“आलेल्या मानसाच्या तोंडावर दार लावू काय वो? लोकं काय म्हनतीन?”

पुढच्या खेपेला त्यानं कडी बसवली खरी. मग त्याचा शाळेपासूनचा मित्र पायरीवर उभा राहून म्हणाला, “मोठा झाला काय रे आता?” झालं. कडी निघाली, ये रे माझ्या मागल्या. तिकडे पोरानं पुण्यातच घर घेतलं. भाऊ नव्या पिशव्या भरत राहिला... गेला त्या सकाळीही तो हिरव्या पडलेल्या पिशव्याच उतरवत होता, तिथंच कोसळला.

तेरवीला सगळं गाव आलं. ओसरीत बसलं, जेवलं. खाली पाहू का, असं कुणीच विचारलं नाही. जाताना पोरानं तळघराला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. ती माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली आहे. आता तळघराला कुणाचे पाय लागत नाहीत. पिकाला हवं होतं, अगदी तसं.