बिनवाऱ्याची शेड

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मिस्त्री काम करत, आणि त्या शेडला पंखा नव्हता. दार बंद, खिडकी ओढून घेतलेली, वर तापलेला पत्रा. टेबलावर एक रेशमाचा धागा टांगलेला असे. कामाला बसण्याआधी ते त्याच्याकडे टक लावून बघत. धागा पुरता स्थिर झाला की हेल्मेट खाली ओढायचं आणि वेल्डिंगचा टॉर्च हातात घ्यायचा. एक जोड झाला की दार सताड उघडायचं आणि पायरीवर बसून घाम पुसायचा. आतली हवा बदलली की पुन्हा दार बंद.

"पंखा का नाही हो?" असं बायकोने लग्नानंतर लगेचच विचारलं होतं.

"नको."

विषय तिथेच संपला. मिस्त्री कुणाच्या अध्यात ना मध्यात. शेजारीण एकदा म्हणाली, "तुमच्याकडे भांडण तरी कसं होतं गं?" तेव्हा ती म्हणाली, "मीच दोन्ही बाजूंनी भांडते."

दुधाच्या डेअऱ्यांना लागणारे स्टीलचे पाईप जोडणं हे त्यांचं काम. कारखान्यातल्या आवाजाने त्यांचे कान मंद केले होते, पण हात तसेच होते. त्यांनी केलेल्या जोडावरून बोट फिरवलं तर एक पाईप कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, ते कळत नसे. कधीतरी ती उगाचच असं बोट फिरवून बघायची. नवऱ्याचं कौतुक करण्याची तिची तीच रीत होती.

या उन्हाळ्यात मिस्त्री पायरीवर बसल्या बसल्या एका बाजूला कलंडले. डॉक्टरांनी उष्णतेवर बोट ठेवलं.

"आता पुरे करा," ती म्हणाली. दोन वर्षं ती हेच म्हणत होती. "चार दिवस निवांत बसा माझ्यासमोर."

"हातातलं होऊ दे."

मग तिने आपल्या परीने मार्ग काढला. टेबलाखाली रिकाम्या पोत्यांच्या मागे छोटा पंखा लपवला आणि त्याची वायर खिडकीच्या फटीतून स्वयंपाकघरात आणली. मशीनची घरघर सुरू झाली की ओट्याजवळचं बटण दाबायचं, थांबली की बंद. भाजी चिरता चिरता आपण नवऱ्याला वारा घालतोय, या विचाराने तिला मनातल्या मनात हसू यायचं.

पंधरवड्याने डेअरीने पाईप परत पाठवले. जोडांमध्ये सुईच्या टोकाएवढी भोकं होती. असल्या भोकात दूध अडकून नासतं.

मिस्त्रींनी सिलिंडर बदलला. नळी तपासली, टॉर्चचं टोक बदललं, मशीन सुरू करण्याआधी धाग्याकडे कितीतरी वेळ पाहिलं. धागा हलत नव्हता. त्यांनी जोड पुन्हा केले. भोकं पुन्हा पडली. मग त्यांनी हातमोजे काढले आणि दोन्ही पंजे उजेडात धरले, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते.

"हात गेले," ते म्हणाले.

त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मशीन न्यायला त्यांचा भाचा टेम्पो घेऊन आला. तोही याच धंद्यातला, मामाकडेच शिकलेला. तिने चहा ठेवला. खरं सांगायचं तर तिला हायसं वाटत होतं. आता हा माणूस सावलीत बसेल, दुपारी आडवा होईल. पण शेडमध्ये चहा घेऊन गेली तेव्हा मिस्त्री फडक्याने टॉर्च पुसत होते. पुसून झालेला टॉर्च ते पुन्हा पुसत होते.

तिला ते बघवेना, म्हणून काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, "एवढं त्या सिलिंडरमध्ये असतं तरी काय रे?"

"आर्गॉन," भाचा म्हणाला. "मामासारखाच वायू आहे, मामी. कुणाशी बोलत नाही, कुणात मिसळत नाही."

"मग त्याचा उपयोग काय?"

"आमच्या मामाचा काय उपयोग, असं म्हणतेस?"

मिस्त्री हसले नाहीत, पण बोलले. एवढं लांबलचक, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "काही न करणं हाच उपयोग. त्याला कुणाचं घेणं नाही, कुणाचं देणं नाही. वितळलेलं स्टील फार हावरट असतं, हवेतलं दिसेल ते पोटात घेतं. मग हा वायू त्याच्यावर पांघरुणासारखा पडून राहतो. जुन्या बल्बमध्येही हाच असायचा, तार जळू नये म्हणून. ह्याचे भाऊबंद सगळे असेच. फुग्यातला हेलियम, लाल पाट्यांमधला निऑन. घरात सगळं भरलेलं, कुणाकडे मागायला जायला नको."

"आणि पांघरूण सरकलं तर?"

"तर भोकं. जरासा वारा पुरतो."

कपबश्यांचा ट्रे तिने टेबलावर ठेवला. टेबलाखाली पोती होती. पोत्यांच्या मागे पंखा होता.

ती काही बोलली नसती, तर टेम्पो निघून गेला असता. दोन वर्षं तिने जे मागितलं, ते आपोआप घरात येऊन बसलं असतं. फक्त ते हातांकडे बघत बसलेलं असतं, रोज.

ती वाकली. पोती बाजूला केली आणि पंखा उचलून टॉर्चशेजारी ठेवला.

मिस्त्रींनी पंख्याकडे पाहिलं, मग वायरीकडे, मग वायर जात होती त्या खिडकीकडे. भाचा तोंड उघडं टाकून मामीकडे बघत राहिला.

"मशीन सुरू झालं की लावायचे," ती म्हणाली. "बंद झालं की बंद. तुम्हाला पुन्हा चक्कर येईल म्हणून."

मग मिस्त्रींनी विचारलं, "कितीवर?"

"एकवर."

"एकवर," त्यांनी हळूच म्हटलं आणि आपला उजवा हात मुठीत मिटून पुन्हा उघडला. "मला म्हटलं असतंस तर..."

"तुम्ही 'नको' म्हणाला असतात."

"हो."

"एवढंच म्हणाला असतात."

भाच्याने टेम्पोची किल्ली खिशात टाकली. "मामी, चहा गार झाला. मी दुसरा टाकतो," म्हणून तो घरात सटकला.

मिस्त्रींनी परत आलेला पाईप टेबलावर घेतला आणि हातमोजे चढवले. ती दाराकडे वळली.

"एकच जोड करायचा," ती म्हणाली. "मग अर्धा तास बाहेर. पाणी प्यायल्याशिवाय आत यायचं नाही."

"बरं."

"मी जाऊ?"

"बस इथेच. दार लावून घे." हेल्मेट खाली ओढता ओढता ते थांबले. "फक्त हलू नकोस."

ती स्टुलावर बसली. पदर मांडीखाली घट्ट दाबून धरला आणि त्या धाग्याकडे बघत राहिली.