टाका नसलेलं ऑपरेशन

मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी दादाला अन्ननलिकेचा कॅन्सर असल्याचं सांगितलं. दादा, वहिनी आणि मी समोर बसलो होतो.

पित्त म्हणून तो वर्षानुवर्षं कोकमाचं सार पीत होता. दुर्बीण घातली तीही पित्तासाठीच, म्हणून लवकर सापडलं. "वरच्या थरातच आहे," डॉक्टर म्हणाले. "छाती उघडायला नको. दुर्बिणीतूनच तेवढा भाग सोलून काढू. पण अन्ननलिका जागेवर राहणार, तेव्हा दर तीन महिन्यांनी आत बघायचं. ते चुकवू नका."

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी तो मालाडला घरी आला. भेटायला येणाऱ्यांना सदरा वर करून पोट दाखवी. शेजारची काकी म्हणाली, "टाकोच नाय, तर ऑपरेशन कसला रे? डॉक्टरान नुसती फुंकर घातली काय?" सगळे हसले. मीही हसले.

पहिली तपासणी स्वच्छ आली. दुसरीची तारीख चतुर्थीच्या आठवड्यात पडली आणि दादा गावी गेला. मी फोन केला.

"गो बाय, काल अकरा मोदक खाल्लंय. एकव अडाकलो नाय. तू वाचतंस जास्त, म्हणान घाबारतंस."

परतला तोवर पितृपक्ष लागला. या पंधरवड्यात दवाखान्याची पायरी नको, असं वहिनी म्हणाली. मग नवरात्राचे उपास आले. तपासणी का हवी ते मी वाचलं होतं. एकदा उगवलेलं शेजारी पुन्हा उगवू शकतं. पण थोरल्या भावाला हाताला धरून न्यायचं कसं, ते मला येत नव्हतं. मी फोनवर "बरं" म्हणत राहिले.

दिवाळीत चकली त्याच्या घशाखाली उतरेना. दुसऱ्या जागी गाठ निघाली, खोल गेलेली. आता दुर्बिणीने भागणार नव्हतं. केमो झाली, रेडिएशन झालं. पुढच्या चतुर्थीला तो नव्हता.

तारीख पाळली असती तर वाचला असता का, असं मी डॉक्टरांना विचारलं. "सांगता येत नाही," ते म्हणाले.

वहिनीला वाटतं, तेव्हाच छाती उघडून सगळं काढायला हवं होतं. दुर्बिणीच्या नादाने घात केला. तसं नाही, हे मी तिला सांगू शकते. मग तारखांविषयी बोलावं लागेल. मी बोलत नाही. रविवारी मालाडला जाते. आम्ही दोघी जेवतो आणि मी परत येते.