छान न म्हणणाऱ्या वहिनी

कुणाच्याही हातचं खाऊन 'छान' न म्हणणारी जगात एकच बाई असेल, आणि ती नेमकी आमच्या हॉलंडमधल्या नीउ-व्हेनेप गावात, आमच्यापासून दोन दारं सोडून राहायला यावी, हे माझं नशीब. वहिनी म्हणजे माझ्या ऑफिसातल्या मित्राची बायको. नवऱ्याच्या व्हिसावर आल्या, सुरुवातीचे महिने सायकलवरून पडण्यात आणि डच शिकण्यात घालवले, आणि मग लायडनच्या एका प्रयोगशाळेत चव घेण्याची नोकरी पटकावली. बाजारात येऊ घातलेली दही, सुपं, बिस्किटं चाखायची आणि त्यांत काय काय लागतं ते सांगायचं, हे त्यांचं काम. पगार घेऊन खाणारी बाई म्हणून आम्ही त्यांची भरपूर थट्टा केली. मग त्या आमच्याकडे जेवायला आल्या आणि थट्टा बंद झाली.

जेवायला बसल्या की वहिनी आधी कोमट पाणी मागतात. एक पदार्थ चाखला की घोटभर पाणी, पर्समधल्या अळणी बिस्किटाचा तुकडा, मग पुढचा पदार्थ. आमच्या गणपतीच्या जेवणाला मी नवा सेंट मारून मिरवत होतो, तर त्यांनी माझं पान उचलून बागेच्या दाराशी नेऊन ठेवलं. "भाऊजी, तुमच्यामुळे मला अळूचं फदफदं लागतच नाहीये," म्हणाल्या. बायकोच्या चिवड्यावरचा त्यांचा अभिप्राय असा : "शेंगदाणे ओल्या पुठ्ठ्यासारखे लागायला लागलेत. लवकर संपवा." त्यात टोमणा नव्हता, निव्वळ माहिती होती, पण पुढे आठवडाभर मला सकाळ-संध्याकाळ चिवडाच वाढला गेला. शेजारच्या डच आजोबांच्या वाढदिवसाला जुन्या चीजचा तुकडा तोंडात धरून वहिनींनी डोळे मिटले आणि अस्खलित डचमध्ये 'गाईचा गोठा' असं जाहीर केलं. आजोबा इतके खुलले की आणखी चीज कापायला धावले. पदार्थाचा रंग बघून जीभ फसते, म्हणून वहिनींनी घरच्या कोठीच्या खोलीत, सगळे रंग सारखेच दिसावेत असा, लाल दिवा बसवून घेतला. या देशात खिडकीत लाल दिवा दिसला की लोक काय समजतात, हे त्यांच्या नवऱ्याने त्यांना फार हळू आवाजात समजावलं. मग तिथे जाड पडदा आला.

मी मात्र स्वतःला जन्मजात खवय्या समजत आलोय. सुपरमार्केटच्या दोन दुधांमधला फरक मी नुसतं खोकं वाचून बिनचूक सांगतो. त्यात मागच्या वर्षी आई गेली. तिच्या गोड्या मसाल्याची शेवटची बरणी आमच्या फ्रीझरमध्ये होती, आणि तिला हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती. ती संपली की आईच्या हातची चव घरातून कायमची जाणार, ही धास्ती मला होती. म्हणून मीच मसाला करायला घेतला. धणे, तीळ, खोबरं, दगडफूल भाजताना स्मोक अलार्म इतका वाजायचा की आजोबांनी चौकशीला येणंही सोडून दिलं. प्रत्येक खेपेचा मसाला मी हुंगायचो आणि "आईसारखा नाही" म्हणून बाजूला ठेवायचो. "आईचा मसाला मी झोपेतसुद्धा ओळखेन," असं एकदा वहिनींसमोर बोलून बसलो.

"ओळखा मग," वहिनी म्हणाल्या. "आईंच्या आणि तुमच्या मसाल्याच्या आमटीच्या मिळून तीन वाट्या. दोन सारख्या, एक वेगळी. वेगळी कुठली एवढंच सांगायचं. पण आईंची बरणी लागेल."

"चमचाभर पुरेल ना?"

"एकदा बरोबर आलं तर ते नशीब असतं, भाऊजी. पुन्हा पुन्हा करावं लागतं."

बरणी मी दिली, पण ती शास्त्राखातर नव्हे, गुर्मीपोटी. रविवारी कोठीत, लाल उजेडात, मी वाट्यांसमोर बसलो. बोलायचं नाही, डावीकडून सुरुवात करायची, मधे पाणी प्यायचं. वहिनी वाट्यांची जागा बदलत होत्या आणि मी पोट डब्ब होईपर्यंत आमटी पीत होतो. ज्या वाटीला मी डोळ्यांत पाणी आणून "ही आई" म्हणालो, ती माझ्याच मसाल्याची निघाली. अधूनमधून बरोबर आलं, पण तेवढं डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी आलं असतं. शेवटी वहिनींनी रिकामी बरणी माझ्यापुढे ठेवली. बरणीही गेली होती आणि ज्याच्या जोरावर मी मिजास मारत होतो ती जीभही खोटी ठरली होती. मला आईची फार आठवण आली.

"तोंड का पाडलंय?" वहिनी म्हणाल्या. "आईंचा मसाला कुठला आणि तुमचा कुठला, हे तुम्हालाच कळत नाहीये. म्हणजे जमला की तुम्हाला."

हे डोक्यात शिरायला मला बराच वेळ लागला. शिरल्यावर मला रडू कोसळलं, आणि वहिनींनी समोरची आमटीची वाटी चटकन लांब सरकवली. मिठाचं प्रमाण बिघडलं असतं.

मग वहिनी आणि मी आमच्या घरी आलो, बायकोने भाताचा कुकर लावला आणि उरलेली आमटी तापवली. एरवी मी वहिनींना "कशी झालीये?" असं विचारतो आणि उत्तर ऐकून पस्तावतो. त्या दिवशी विचारलं, "आवडली का?"

वहिनींचा घास हातातच राहिला. "कामावर हे आम्हाला कुणी विचारत नाही," त्या म्हणाल्या. "ते बाहेरच्या लोकांना बोलावून विचारतात. आम्ही फक्त काय लागतं ते सांगायचं. सवयच राहिली नाही बघा."

त्या जेवत राहिल्या. कोमट पाणी मागितलं नाही, पर्सही उघडली नाही. 'छान' तर अर्थातच म्हणाल्या नाहीत. भात संपत आला तेव्हा ताटाकडे बघतच बोलल्या, "माझी आई यात गूळ जरा जास्त घालायची."

आणि त्यांनी वाटी पुढे केली. मी गुळाचा डबा काढायला उठलो.